तीन लाटा, तीन खाटा

‘करोना’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट अशी मोजदाद करताना समुद्र एकच आणि पाणीही तेच, असे आपण धरून चालतो. इस्पितळातल्या खाटेवरून मात्र हे चित्र निराळे दिसते. आमच्या घरातली तीन माणसे तीन लाटांत इस्पितळात गेली आणि खरे सांगायचे तर तिघांची दुखणी तीन तऱ्हांची होती.

मामा गेले ते सप्टेंबर २०२० मध्ये. वय एकाहत्तर, मधुमेह जुना. देशात तेव्हा दिवसाला नव्वद हजारांवर नवे रोगी सापडत होते. मामांच्या वॉर्डात बहुतेक सगळी पिकल्या केसांची मंडळी. दुखणे दबकत आले. आठवडाभर ताप नि खोकला, मग धाप. डॉक्टरांनी त्यांना पालथे निजवले, प्राणवायू लावला आणि डेक्सामेथासोन दिले. प्राणवायूवर असलेल्या रोग्यांतले मृत्यू हे जुने, स्वस्त औषध कमी करते, असे इंग्लंडमधल्या प्रयोगाने त्याच वर्षी जूनमध्ये दाखवून दिले होते. मामा एकोणीस दिवसांनी घरी आले आणि चहात साखर नाही म्हणून आल्याआल्या मामीवर रागावले. आम्हांला केवढा आनंद झाला!

धाकट्या भावाची पाळी आली एप्रिल २०२१ मध्ये. अडतीस वर्षांचा, धडधाकट, दर रविवारी सिंहगड चढणारा. ताप आल्यापासून पाचव्या दिवशी त्याला दोन वाक्ये सलग बोलवेनात. भावजयीने आणि मी अकरा इस्पितळांना फोन केले, तेव्हा कुठे एक खाट मिळाली. त्या वॉर्डात त्याच्याच वयाची कितीतरी माणसे होती. प्राणवायूची टंचाई अशी, की त्याच आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून थेट विशाखापट्टणमला पाठवावे लागले. २४ एप्रिलला तो गेला. त्याच्या वयाच्या लोकांना लस खुली झाली १ मे रोजी. महाराष्ट्रात त्या वेळी फोफावलेल्या प्रकाराला ‘डेल्टा’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने दिले ३१ मे रोजी. आधीच्या प्रकारांपेक्षा तो वेगाने पसरे आणि माणसाला इस्पितळात पोचवण्याची त्याची ताकदही अधिक, हे आम्हांला मागाहून वाचायला मिळाले.

जानेवारी २०२२ मध्ये आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात तपासणी झाली, तो करोना निघाला! एकोणऐंशी वर्षांची बाई. आमचा धीर सुटला. पण तिला झाले काय? घसा खवखवला आणि दोन दिवस कणकण आली. आसपासच्या खाटांवरही कोणी हर्नियासाठी आलेला, कोणी बाळंतपणासाठी. करोना आपला तपासणीत सापडलेला. देशात पुन्हा दिवसाला तीन लाखांवर रोगी निघत होते, पण प्राणवायूसाठी धावाधाव नव्हती. हा ओमायक्रॉन. तो श्वासनलिकांत झपाट्याने वाढतो, फुप्फुसात खोलवर तितका नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले.

“विषाणूच निवळला हो!” असे लोक म्हणू लागले. एवढेच खरे असते, तर हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये घडले ते घडते ना. तिथेही ओमायक्रॉनच होता. पण पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी लस घेतली नव्हती आणि आधीच्या लाटाही त्या शहराला फारशा लागल्या नव्हत्या. इस्पितळांच्या बाहेर, उघड्यावर खाटा मांडाव्या लागल्या, आणि मेलेल्यांत बहुतेक वृद्धच होते. आईच्या दंडावर तोवर दोनदा सुई टोचली गेली होती. विषाणू थोडा निवळला असेल. आपली शरीरे मात्र पुष्कळ तयार झाली होती.

लस मिळाली असती, तर भाऊ वाचलाच असता असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता यायचे नाही. पण बैठकीत कोणी सहज म्हणतो, “अहो, शेवटी काय, सर्दीच ती!” तेव्हा मी हाँगकाँगची हकीकत सांगतो. आणि ऐकणारा जवळचा असेल, तर २४ एप्रिल आणि १ मे या दोन तारखाही सांगतो. त्यांच्यामध्ये सातच दिवस आहेत.