सातवा अर्ज

आमच्या सोसायटीत कमिटी निवडून येत नसे, ठरत असे. पाच वर्षांची मुदत संपत आली की गच्चीवरच्या सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन झाल्यावर, नाहीतर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नव्या गाडीसमोर नारळ फुटल्यावर, दोन-चार पुरुष जरा बाजूला उभे राहत आणि नावं पक्की होत. चेअरमन तेच, सेक्रेटरी तेच, खजिनदार तेवढे या खेपेला दुसरे, कारण पहिल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. मग सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणे, "आपल्या-आपल्यात कसली आलीय निवडणूक!" लोक हसत, वेफर्सच्या पुड्या वाटल्या जात आणि इतिवृत्तात 'बिनविरोध' असं लिहून सभा संपे. आपल्याकडे याचं फार कौतुक. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की आमदार निधी जाहीर करतात, पेपरात गावाचा फोटो येतो. भांडण झालं नाही याचा तो दाखला. भांडायचं होतं त्यांना विचारलं होतं का, ते दाखल्यावर नसतं.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत, आमची अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची इमारत. सभासद शंभराच्या आत असले की आदर्श उपविधींप्रमाणे कमिटी अकरा जणांची. सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांच्या, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या यांची एकेक. सहा सर्वसाधारण जागांसाठी ठरलेले सहा अर्ज आले होते. सातवा मी दिला.

पहिली प्रतिक्रिया सगळीकडून एकच आली. "अगं, महिलांच्या दोन जागा आहेत की! तिथे कोण येतंय? बिनविरोध आली असतीस." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गर्दीच्या डब्यात लेडीज सीट रिकामी असताना ही बाई जनरलच्या बाकड्यासाठी का धडपडते, असं त्यांना खरंच वाटत होतं. महाराष्ट्रात २०११ पासून महापालिका-पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सोसायटीत अकरात दोन. आणि त्या दोघींच्या वाट्याला हळदीकुंकवाचं सामान आणि गणपतीतल्या स्पर्धा येतात, हे मी पाहिलेलं. पंप, टाकी, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे सारं सर्वसाधारण जागांवरून चालतं. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण चालतं.

मला हवा होता पंप.

वीजबिल वाढलं म्हणून कमिटीने पाणी सोडायची वेळ आवरती घेतली. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी तासभर. हा ठराव केला त्यांची अंघोळ सातला होते आणि आठच्या लोकलने ते जातात. भांडी घासायला, कपडे धुवायला बाई येते दहानंतर. तोवर पाणी बादल्यांत, पिंपांत, पातेल्यांत भरून ठेवायचं आणि मग पेल्यापेल्याने घ्यायचं. वरच्या मजल्यांवर दाब कमी, तिथे साडेसातला पिंप अर्धंही होत नाही. एवढं साधं गणित, पण ते ज्यांना येतं त्या कमिटीत नव्हत्या.

अर्ज भरायला घेतला तेव्हा कळलं की मीही तशी बाहेरचीच आहे. आमच्या भाग दाखल्यावर आधी नवऱ्याचं नाव, मग माझं. पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण अडीचशे रुपये. जुन्या सोसायट्यांत सगळ्यांचे तेवढेच. ज्याचं नाव आधी तो मूळ सभासद. मागून येणारीलाही उभं राहता येतं, पण मूळ सभासदाचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडून. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून गंभीरपणे ते लिहायला लागला. 'मी, खाली सही करणार, माझी पत्नी हिने...' इथवर येऊन त्याने विचारलं, "निवडणूक लढवण्यास की लढविण्यास?" पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाने मला लढायला लेखी परवानगी दिली, तीही शुद्धलेखन तपासून. आम्ही दोघंही खूप हसलो. पण त्यातली दुसरी गोष्ट तेवढी हसण्याजोगी नव्हती. घरामागे मत एक, आणि पहिलं नाव हजर असेल तर ते त्याचंच. म्हणजे मी उमेदवार होते, मतदार नव्हते.

प्रचार म्हणजे काय, तर दारोदार जाऊन बेल वाजवणं. वीस वर्षं ज्या जिन्यावरून चढले-उतरले त्यावरची निम्मी दारं मी कधी वाजवली नव्हती. मी दुपारी जायला लागले, कारण मला वेळ दुपारीच होता. आणि दुपारी दार उघडते ती बाई. मुलुंडमध्ये, दादरमध्ये, डोंबिवलीत, कुठेही जा; दुपारी इमारत बायकांची, म्हाताऱ्यांची आणि शाळेतून लवकर सुटलेल्या पोरांची असते.

मत मागायला जाऊन बसले की आधी ओल दाखवली जाई. चहाच्या आधी. "ही बघ, इथून सुरू होते," म्हणत मला बेडरूममध्ये नेलं जाई, कपाट सरकवलं जाई, पोपडे आलेल्या भिंतीवर हात ठेवायला लावलं जाई. अठ्ठेचाळीस घरांत एवढी ओल असेल याची मला कल्पना नव्हती. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्याच्या मोरीतून असेल तर त्या घराचा, हा नियम. पण पाणी काही नियम वाचून झिरपत नाही. ३०२ मधल्या वहिनींनी सांगितलं की डाग फक्त रविवारी वाढतो, म्हणजे पावसाचा नाही, वर पाहुणे येतात तेव्हाचा. त्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी गळतीच्या खुणा केल्या होत्या, मागच्या गुढीपाडव्यापासूनच्या. हजारो रुपये घेऊन इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या माणसाने यांना पाच मिनिटं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. चौथ्या मजल्यावरच्या काकू डोळे मिटून सांगू शकत होत्या की टाकी किती भरली आहे. गच्चीवरच्या पाइपाचा आवाज बदलतो. बी विंगमध्ये एक भाडेकरू बाई आहे, दहा वर्षं राहते, वॉचमन गावाला गेला की पंपाची कळ तीच दाबते. तिला मत नाही. तिच्या घराचा मालक न्यू जर्सीला. त्यालाही मत देता येत नाही, कारण सहकारात आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवता येत नाही. त्या घरातून मतपेटीत काहीच पडणार नव्हतं.

हळूहळू हिशेब लक्षात आला. दुपारी मला सगळं कळत होतं आणि मत एकही मिळत नव्हतं. अर्जावर सूचक-अनुमोदक हवे होते तेही यांच्यातून मिळेनात. सही चालते सभासदाची. "हे आले की सांगते हं," असं म्हणून मला दारापर्यंत सोडलं जाई. संध्याकाळी गेले तर हे दार उघडत, अदबीने बसवत आणि विचारत, "रिडेव्हलपमेंटबद्दल तुमचं काय मत आहे?" पाण्याच्या वेळेचा विषय काढला की आत पाहत. "हिला विचारायला पाहिजे."

मला सहकाराच्या कायद्याचा राग नाही, उलट त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सोसायटी उभी राहिली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती. भाड्याच्या खोल्यांत अडचणीने राहणाऱ्यांनी एकत्र येऊन आपली घरं आपण चालवायची, ही त्यामागची कल्पना. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा. सहकारात एक सभासद, एक मत. आमच्याकडे एकाचे तीन फ्लॅट आहेत, त्यांनाही एकच मत, वन-रूम-किचनवाल्या आजोबांएवढंच. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ते तसंच राहिलं. पैशाला एवढं ठामपणे दाराबाहेर थांबवणारी ही व्यवस्था आतल्या खोलीत मात्र डोकावली नाही. घरात माणसं किती, त्यांतलं घर चालवतं कोण, हा प्रश्न तिने भाग दाखल्यावरच्या पहिल्या नावापाशी सोडून दिला.

आणि ही निवडणूक लहान आहे म्हणून सोडून द्यावी, तर मुंबईत आमच्यापुरती तेवढीच उरली होती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढचे नगरसेवक यायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. मधल्या काळात प्रशासक होते. गटार तुंबलं की फोन कुणाला करायचा ते माहीत होतं, पण दोष कुणाला द्यायचा ते नव्हतं. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत आम्ही मत देऊन बसवलेलं सर्वांत जवळचं माणूस म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. तोही बिनविरोध.

माझ्या अर्जाने सगळ्यांचं काम वाढलं, हे खरं. आता मतपत्रिका छापायच्या, पेटी आणायची, निवडणूक निर्णय अधिकारी नेमायचा. २०१९ पासून अडीचशेपर्यंत सभासदांच्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घेता येते, त्यामुळे सरकारी माणसाचा फेरा वाचला. शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त बँकवाले आले आणि त्यांनी ते काम कॅश मोजण्याच्या काळजीने केलं. पण खर्चापेक्षा लोकांना खुपलं ते वेगळंच. सात जणांतला एक पडणार होता. आणि तो पडलेला माणूस उद्या लिफ्टमध्ये भेटणार होता. विधानसभेला कोण पडलं ते आपण टीव्हीवर बघतो, चहा पिता-पिता. इथे त्याच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याला ऐकू येतात.

त्याचा फायदाही झाला. सातवा अर्ज आल्यामुळे बाकीच्या सहा जणांनाही बेल वाजवत फिरावं लागलं. एका रविवारी चेअरमन आमच्याकडे आले. कित्येक वर्षांत आमच्या सोफ्यावर पहिल्यांदाच बसले. नवऱ्याला म्हणाले, "आमचंही लक्षात असू द्या." सहा जागा, म्हणजे त्याच्या हातात सहा खुणा होत्या, मागणं रास्तच होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तर ते क्षणभर गडबडले. एकाच घरात मताची मालकी समोर बसलेली आणि प्रतिस्पर्धी ट्रे घेऊन उभी. मग त्यांनी कप उचलला आणि मलाच विचारलं, "पाणी खरंच साडेसातला जातं का हो?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्या प्रश्नाचा राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

मतदान गुप्त झालं. नवऱ्याने कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. विचारून काय, सहात मी असणारच, असं तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

मी सहावी आले, थोड्या मतांनी. पडले ते आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. याची मला कल्पनाच नव्हती, कारण सगळ्यांत जास्त काम तेच करत. टाकी साफ करून घेताना वर उभे राहत, थकबाकीदारांची यादी फलकावर लावत, पार्किंगमध्ये जुनी कपाटं ठेवणाऱ्यांना नोटिसा देत. गच्चीवर वाढदिवस नको, जिन्यात सायकल नको. सोसायटीत जो 'नाही' म्हणतो त्याला लोक मनातून धरून ठेवतात, आणि गुप्त मतदान मिळालं की पहिल्यांदा त्याचाच हिशेब चुकता करतात. नुसत्या सह्या करणारे तिघे उत्तम मतांनी आले. निवडणुकीची मी एवढी बाजू घेते, पण ती न्याय करते असं माझं म्हणणं नाही.

काका चार दिवस जिन्याने गेले. पाचव्या दिवशी बेल वाजवून एक वही दिली. पंप कधी दुरुस्त केला, मोटर कुणी बांधली, टाकी कधी धुतली, सगळं तारखांसकट. "पंप आता तुमच्याकडे. झडप उलटी फिरते, वॉचमनला दर वेळी सांगावं लागतं," म्हणाले आणि आत न येता गेले.

कमिटीवर आलं की जबाबदारीही येते. कमिटीच्या निर्णयांना सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार. गंमत म्हणजे इथे नवऱ्याची हरकत-नाहरकत कुणी विचारत नाही. मत देताना मी मागची, जबाबदारी घेताना मात्र पुढची.

पाण्याची वेळ बदलली. सकाळची अर्धा तास कमी करून दहा ते अकरा सोडायचं ठरलं. विजेचं बिल जवळपास तेवढंच येतं. दुसरा ठराव मी आणला तो साधाच होता. भाग दाखल्यावर ज्यांचं नाव नाही त्यांनी सहयोगी सभासद व्हावं, त्यासाठी कोरे अर्ज सोसायटीच्या कार्यालयात ठेवावेत. प्रवेश फी शंभर रुपये. मूळ सभासद गैरहजर असेल तर त्याच्या लेखी संमतीने सभेला तरी बसता येतं. मत आपोआप मिळत नाही, हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं. काही अर्ज आले. एकीने नवऱ्याची सही आणली, पण त्याने आधी वकिलाला विचारलं होतं की याने फ्लॅटमध्ये हिस्सा जातो का. जात नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी अर्ज घेऊन गेले. आवाजावरून टाकी ओळखणाऱ्या त्याच. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या आणि परत दिला.

"मला नको गं ते सभासदत्व. सभेत नुसते बोलत बसतात," म्हणाल्या. "पण त्या माणसाला सांग, साडेदहाला झडप पुरती उघड म्हणावं. अर्धीच उघडतो तो."