घोड्याच्या वर्षाची मुलगी

"बाई, तुमचं जनावर कोणतं?" परवा सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तिने चिनी राशींचा तक्ता आणला होता. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. आपली रास चंद्रावरून ठरते. तिथे अख्ख्या वर्षाला एकच प्राणी. माझा जन्म 1990 चा, म्हणजे मी घोडा! माझी दिवसभराची धावपळ पाहता मला ते पटलेसुद्धा.

घरी येऊन जरा वाचले आणि हसू मावळले. या बारा प्राण्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशी पाच तत्त्वे जोडतात. म्हणून चक्र साठ वर्षांचे, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखे. अग्नीचा घोडा साठ वर्षांनी एकदाच येतो. हे चक्र चीनमधून जपानात गेले आणि तिथे समजूत रुजली, की त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते. 1965 साली जपानात सुमारे 18 लाख 24 हजार मुले जन्मली. 1966 हे अग्नीच्या घोड्याचे वर्ष. त्या साली फक्त 13 लाख 61 हजार! पुढच्या वर्षी पुन्हा 19 लाखांवर. काहींनी तर मुलीची जन्मतारीखच मागेपुढे नोंदवली. आणि टोकियो-ओसाका वेगवान गाडी 1964 सालीच धावू लागली होती, त्या देशात हे! 2026 हेही तेच वर्ष.

मैत्रिणींनो, त्यांना हसू नका. माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. लग्न ठरताना माझ्या आईने "पत्रिका हरवली" म्हणून सांगितले. बारा वर्षे मी ते पोटात ठेवले. ह्यांना साधा ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

गेल्या महिन्यात धाकट्या नणंदेचे स्थळ मंगळापायी मोडले. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पोरीचं नशीबच फुटकं." मला राहवले नाही.

"आई, मंगळ मलाही आहे. पत्रिका हरवली नव्हती."

सुपातला त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं एकटीच घाबरत होतीस होय गं?"

आता पुढच्या स्थळाला मंगळाचे आधीच सांगायचे, लपवायचे नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

तुमच्या ट्रंकेच्या तळाशी आहे का हो अशी एखादी "हरवलेली" पत्रिका?