पाकटांच्या अंगणात

बालमित्रांनो, कोकणातल्या मासळीबाजारात तुम्ही पाकट मासा पाहिलाय का? सुपासारखा पसरट, आणि मागे चाबकासारखी लांब शेपटी. कोळीणमावशीला विचारलंत, तर ती आधी शेपटीकडे बोट दाखवेल. कारण तिथेच असतो त्याचा विषारी काटा! आता कल्पना करा, असे कितीतरी जिवंत पाकट पाण्यात फिरताहेत आणि तुम्ही आई-बाबांचा हात धरून त्यांच्यामध्ये उभे आहात! ‘नको रे बाबा,’ म्हणालात ना? पण जगात अशी एक जागा आहे. चला, आज तिथेच जाऊ.

नकाशा उघडा. क्यूबाच्या दक्षिणेला, कॅरिबियन समुद्रात तीन छोटे ठिपके दिसतील. ही केमन बेटं. इथे ब्रिटनची सत्ता आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट म्हणजे ग्रँड केमन. त्याच्या उत्तरेला ‘नॉर्थ साउंड’ नावाचं मोठं, उथळ आखात आहे. आखाताच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत असल्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात. आत पाणी शांत आणि इतकं नितळ, की तळाची वाळू स्वच्छ दिसते.

किनाऱ्यावरून बोट निघते आणि एका वाळूच्या पट्ट्यापाशी थांबते. चहूकडे समुद्र, पण इथे पाणी जेमतेम एक मीटर खोल! मोठ्यांच्या कमरेपर्यंत, छोट्यांच्या छातीपर्यंत. नांगर पडतो न पडतो तोच वाळूवरून काळ्या सावल्या सरकू लागतात. घाबरू नका, ते ढग नाहीत, पाकटच आहेत!

शिडीवरून उतरताना पोटात गोळा येतोच. पण बोटीवरचे काका एक युक्ती सांगतात : पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून घसटत न्यायचं. पाकटाला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. त्याचा काटा शिकारीसाठी नसतो, स्वतःच्या बचावासाठी असतो. अंगावर पाय पडला, तर शेपटीचा फटका बसायची भीती. धोका मात्र खराच. 2006 साली ऑस्ट्रेलियातले प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन यांचा पाकटाचा काटा छातीत घुसून मृत्यू झाला. असं फार क्वचित घडतं, पण म्हणूनच इथे दंगामस्ती चालत नाही.

मग एक मोठी मादी तुमच्या पायाला घासून जाते. ओल्या मखमलीसारखा स्पर्श! माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या, काही तर दीड मीटर रुंद. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली. म्हणजे आपण काय खातोय, ते पाकटाला दिसतच नाही! मग तो वाळूतले खेकडे शोधतो कसे? वासाने, आणि भक्ष्याच्या अंगातली बारीकशी वीज ओळखून! त्याच्या शरीरात हाड एकही नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या लवचिक पदार्थाचा. मुशी, म्हणजे शार्क, ही त्याची जवळची नातलग.

पण हे जंगली मासे माणसांजवळ येतात तरी का? पूर्वी इथले कोळी मासेमारीहून परतताना या शांत पाण्यात थांबून मासे साफ करत. डोकी, आतडी पाण्यात पडत. पाकटांना आयती मेजवानी! हळूहळू बोटीच्या इंजिनाचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा, हे त्यांनी ओळखलं. 1980 नंतरच्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने माकूल भरवू लागले आणि मग जगभरचे पर्यटक आले.

इथेच थोडं थांबून विचार करायला हवा. एरवी हा पाकट रात्री एकटा हिंडून शिकार करतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी पाकटांना आवाजाचे संदेश पाठवणारी छोटी यंत्रं लावून पाहिलं. पर्यटकांकडून खाणारे पाकट चक्क दिवसा जागे राहत, रात्री विसावत आणि लहानशा जागेत दाटीवाटीने राहत! त्याआधीच्या पाहणीत अशा पाकटांच्या अंगावर बोटींमुळे झालेल्या जखमा आणि परजीवी जास्त आढळले होते. आपला लाड त्यांना महागात पडतोय, नाही का?

मग हे बंदच करायचं? तेही सोपं नाही. या पाकटांवर अनेक नावाड्यांचं पोट चालतं. शिवाय जिवंत पाकट पाहायला लोक येतात, म्हणून त्याला जपावंसं वाटतं. 2013 च्या कायद्याने केमनमध्ये पाकटांना संरक्षण मिळालं. पाकटाला पाण्याबाहेर उचलायचं नाही, उथळ पाण्यात पायांत काही घालायचं नाही, वाटेल ते खायला द्यायचं नाही, असे नियम तिथे आहेत.

दोस्तांनो, केमन बेटं दूर आहेत. पण माकडाला बिस्किट टाकताना किंवा तलावातल्या माशांना पाव घालताना हा प्रश्न आपल्यापुढेही असतोच. प्राणी आपल्याजवळ आला, की आनंद होतो. पण त्या आनंदाची किंमत कोण मोजतंय? आज जेवताना आई-बाबांशी याबद्दल बोला बरं!