सहीआधीचा प्रश्न

आमच्या काळ्या जमिनीत वर्ष मृगाने सुरू होतं असं म्हणतात. पण पाचोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा, त्याचं वर्ष त्याआधीच, मार्चअखेरीला गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या, म्हणजे विकासोच्या दारात सुरू झालेलं असतं. ‘नवं-जुनं’ करायची, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायची घाई असते. कुणी घरात राखून ठेवलेला कापूस पडत्या भावात घातलेला असतो, कुणी पाहुण्याकडून हातउसने आणलेले असतात. 31 मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. तारीख हुकली की सवलत गेली. त्या दिवसांत सोसायटीच्या ओट्यावर चपलांची दाटी होते. टाचेला झिजलेल्या, तारेने शिवलेल्या, ओल्या मातीचा थर वाळून तडकलेल्या. संचालक म्हणून आत जाताना मी त्या चपलांकडे पाहतो. आत टेबलावर जे ठरणार असतं, ते या चपला घालून आलेल्यांच्या जिवावर ठरणार असतं.

निवडणूक संचालक निवडते, घडवत नाही. पॅनल निवडून येतं, गुलाल उधळला जातो, अंघोळीबरोबर तो निघूनही जातो. मग महिन्याच्या सभेचा अजेंडा हातात येतो आणि खरं काम सुरू होतं. पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मला सगळ्यात जास्त जागं राहावं लागतं ते या शेवटच्या विषयाला. तोवर चहा आलेला असतो, कुणाला पाण्याची पाळी गाठायची असते, कुणाला भुसावळकडची गाडी. नेमक्या त्या घाईत मोठा खर्च दोन ओळींच्या ठरावातून आत येऊ शकतो.

एका सभेत असाच ऐनवेळचा विषय आला, तेव्हा मी अध्यक्षांना म्हटलं, “तात्या, हा विषय पुढच्या सभेत घेऊ. कागद आधी सगळ्यांच्या घरी पोहोचू द्या.”

“भाऊ, विश्वास नाही का आमच्यावर?”

“विश्वास आहे, म्हणूनच म्हणतो. उद्या ओट्यावर कुणी विचारलं तर आपल्या तेराही जणांना उत्तर देता आलं पाहिजे.”

तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सचिवांना विषय पुढे ढकलल्याचं लिहायला सांगितलं. प्रश्न विचारणारा माणूस संस्थेचा वैरी नसतो. शांतपणे, माणसाला न दुखावता, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं ही संचालकाची पहिली सेवा आहे. पटलं नाही तर विरोध बाहेर पारावर नव्हे, इतिवृत्तात नोंदवायचा. आणि ठराव बहुमताने झाला की बाहेर पडून मंडळाची उणीदुणी काढायची नाहीत.

कागद वाचायला शिकावं लागतं. तेरीज पत्रकात ‘सभासदांकडून येणे’ आणि ‘जिल्हा बँकेस देणे’ असे दोन आकडे असतात. पहिला लहान आणि दुसरा मोठा झाला, की संस्था अनिष्ट तफावतीत गेली. ही तफावत एका रात्रीत पडत नाही. सभासदाकडून आलेली वसुली बँकेत न भरता पगारात, किरकोळीत, कार्यालयाच्या रंगरंगोटीत वापरली जाते. बँकेचं व्याज मात्र चढत राहतं. तफावत वाढली की बँक हात आखडता घेते. मग वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा शेतकरीही पेरणीच्या तोंडावर रिकाम्या हाताने परत फिरू शकतो. त्याचा दोष काहीच नसतो. दोष त्या सभांचा असतो, जिथे ते दोन आकडे कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

पण नुसता कागद वाचून भागत नाही. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. 1950 मध्ये प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकऱ्याच्या जोडीने त्यांनी सुरुवातीची दहा वर्षं अध्यक्षपद सांभाळलं. एकाला हिशेब कळत होता, दुसऱ्याला माती आणि माणसं. मला मंडळ असंच हवंसं वाटतं. म्हणूनच महिलांसाठी राखीव असलेल्या दोन जागा मला मोलाच्या वाटतात. त्या जागेवर आलेली बाई स्वतः बोलली पाहिजे, तिच्या घरच्यांनी तिच्या वतीने नाही. घरातलं कोणतं कर्ज कशापायी वाढलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

आमच्या पाचोऱ्याने सहकार फक्त बी-खतापुरता ठेवला नाही. इथली पाचोरा तालुका सहकारी शिक्षण संस्था शाळा आणि महाविद्यालय चालवते. शिक्षणही लोकांनी सहकारातून उभं केलं. पण आमच्याच जिल्ह्याने चाळीसगावचा बेलगंगा साखर कारखाना सहकाराच्या हातून सुटताना पाहिला, आणि बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात मुलीच्या लग्नाची ठेव मागत उभे राहिलेले म्हातारे आईबाप पाहिले. सहकार कायद्यात उपाय आहेत. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, लेखापरीक्षण होतं, आणि कलम 88 खाली नुकसान संचालकाच्या खिशातूनही वसूल होऊ शकतं. पण कायदा बहुधा नुकसान झाल्यावर पोहोचतो. सभेत आपण आधीपासून बसलेले असतो.

सहकारात पाच गुंठेवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच. ही समता मला फार मोठी वाटते. पण ते मत पाच वर्षांतून एकदा पडतं. मधल्या काळात ते आमच्याकडे ठेव म्हणून असतं. त्याच कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला संस्थेची ठरावीक दप्तरं पाहण्याचा हक्क आहे. उद्या पाच गुंठेवाला आत आला आणि म्हणाला, ‘भाऊ, दप्तर दाखवा,’ तर कपाट उघडायला कुणाला विचारावं लागू नये, आणि प्रत्येक ठरावाचं कारण त्याला समजेल अशा शब्दांत तिथे लिहिलेलं असावं. संचालकाने संस्थेला काय दिलं, याचं मोजमाप मी एवढ्यावरूनच करतो.