पहिला बिंदू

लासलगावात जीएनएसएसचा, म्हणजे उपग्रहांवरून होणाऱ्या मोजणीचा बेस (एका बिंदूवर स्थिर ठेवलेला रिसिव्हर) मांडायचा तर आधी जमीन पाहावी लागते, मग आकाश. निफाड तालुक्यातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ट्रायपॉड रोवला की सकाळी मधोमध असलेला बबल दुपारपर्यंत कडेला सरकतो. म्हणून मी पक्का स्लॅब, काँक्रीटचा ठोकळा, निदान कडक मुरूम शोधतो.

मग आकाश. वीस हजार किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा क्षीण संदेश कांद्याच्या शेडचे पत्रे आणि खळ्यावरचे ट्रक यांच्यावर आपटून, लांबच्या वाटेने अँटेनात शिरतो आणि माप बिघडवतो. बाजार समितीच्या आसपास काम असलं की बेस पत्र्यांपासून दूर, उंचावर न्यायचा. दुपारी आयनोस्फिअरही जोरात असतं, त्यामुळे महत्त्वाची आखणी शक्यतो सकाळीच उरकावी.

जागा ठरली की खरं काम हाताचं. ट्रायपॉडवरच्या ट्रायब्रॅकचे दोन स्क्रू एकदम आत किंवा एकदम बाहेर फिरवायचे, मग तिसरा. बबल मधे आला की प्लमेटमधून खाली बिंदू दाखवणाऱ्या खिळ्याचं टोक पाहायचं. ते सरकलं असेल तर पुन्हा बबल, पुन्हा खिळा. अँटेनाची उंची तीन बाजूंनी मोजायची, आणि टेप सरळ धरला की तिरका, तेही कंट्रोलरमध्ये नीट भरायचं. इथे एक सेंटीमीटर चुकला तर दिवसभरातल्या प्रत्येक बिंदूची उंची तेवढीच चुकते, आणि स्क्रीनवर मात्र ‘फिक्स’ झळकत राहतं. फिक्स म्हणजे उपग्रहांचं गणित जुळलं, एवढंच. बेस खिळ्यावर आहे की नाही, हे उपग्रहाला कळत नाही.

पहिल्या मापावर पुढचं सगळं उभं राहतं, हे जुनंच आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला बेसलाइन मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि त्याच कामावर असताना १८२३ मध्ये ते आपल्या हिंगणघाटला वारले. साखळीने मोजलेल्या त्या पहिल्या रेघेवर पुढचे सगळे त्रिकोण उभे होते. आज सर्व्हे ऑफ इंडियाची कायमस्वरूपी कॉर्स केंद्रं मोबाइलवर दुरुस्त्या पुरवतात, स्वतःचा बेस मांडावाच लागतो असं नाही. तरी काम सुरू करताना आणि आवरताना रोव्हर, म्हणजे हातातला फिरता रिसिव्हर, ओळखीच्या बिंदूवर धरून आकडा ताडून पाहणं मी कधी सोडत नाही.

आकडाही साइटच्या भाषेत आणावा लागतो. यूटीएमच्या, म्हणजे सपाट नकाशाच्या निर्देशांकांत लासलगावातली शंभर मीटरची भिंत तीन-चार सेंटीमीटर आखूड भरते; लोखंडी शेडचे बोल्ट तेवढ्यानेही बसत नाहीत. रिसिव्हर देतो ती मूळ उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा इथे पन्नासहून अधिक मीटरने कमी असते. म्हणून साइटभोवतीचे कंट्रोल पॉइंट आणि बेंचमार्क घेऊन कॅलिब्रेशन करायचं, मगच खुंट्या ठोकायच्या.

शेडच्या फरशीच्या उताराला मात्र मी ऑटो लेव्हलच लावतो. मीटरला एक सेंटीमीटर उतार हवा असेल, तिथे रोव्हरच्या उंचीतला दोन सेंटीमीटरचा फरक पाणी उलटं फिरवू शकतो. पाणी साचलं की कांदा सडतो, आणि त्या ढिगामागे एखाद्या घराची हंगामभराची मेहनत असते. कुठलं माप कोणत्या यंत्रावर सोपवायचं, हे ठरवणं माझं काम आहे. त्याची जबाबदारी उपग्रहावर टाकता येत नाही.