घरात माणसं नाहीत का?

परवा चहाच्या टपरीवर एक मित्र म्हणाला, "टेन्शन आलं की अ‍ॅपवर अनोळखी माणसाशी बोलायचं, ही काय नवीन थेरं? घरात माणसं नाहीत का?" तेव्हा हसून सोडून दिलं. उत्तर इथे देतो. पोस्ट जरा मोठी आहे.

मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मार्च जवळ आला की दिवसाला पंधरा-वीस दारं. एका दारात शिव्या, दुसऱ्या दारात रडणं आणि संध्याकाळी साहेबांचा प्रश्न, "आकडा किती?" चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझी झोप उडाली. छातीत धडधड. ईसीजी काढला, नॉर्मल. घरी सांगावं तर बायको आईच्या आजारपणाने आधीच पिचलेली. ऑफिसात सांगावं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शाखांत 'ह्याचं डोकं फिरलंय'. आणि मानसोपचाराच्या दवाखान्याचा जिना चढताना कुणीतरी बघणारच. आपल्या सांगलीत कोण कुणाला ओळखत नाही?

एका रात्री दीड वाजता असंच एक अ‍ॅप घेतलं. नाव नाही, नंबर नाही, फक्त टोपणनाव. पलीकडे कुणीतरी स्वयंसेवक. मी तासभर लिहीत होतो. त्याने एकदाही 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हटलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "हे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं?" नव्हतं सांगितलं. महिनाभराने बायकोला सांगितलं, मग डॉक्टरांकडेही गेलो. अनोळखी माणसापुढे एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून घरी उघडता आलं.

ही कल्पना तशी नवीन नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' १९३५ पासून याच तत्त्वावर चालते: जे सोसलंय तो दुसऱ्याचं ऐकतो आणि नाव बाहेर जात नाही. मोबाइलवर तेच आलं. अमेरिकेतलं 'सेव्हन कप्स' २०१३ पासून अशा प्रशिक्षित श्रोत्यांवर चालतं.

पुढे मीही एका अ‍ॅपवर श्रोता झालो. ऑनलाइन छोटं प्रशिक्षण असतं. सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही, ऐकायचं. बहुतेक रात्री तेवढं पुरायचं. परीक्षा, नोकरी, मोडलेली लग्नं.

एका पावसाळ्यात एक मुलगा आला. मराठीत लिहीत होता, इंग्रजी अक्षरांत. "आता नको वाटतं सगळं." मी सरळ विचारलं, "जीव देण्याचा विचार येतोय का?" तो म्हणाला, "हो." हे असं स्पष्ट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलतो, हे प्रशिक्षणातच सांगतात. मी हेल्पलाइनचा नंबर दिला. घरात कोण आहे विचारलं. "भाऊ. शेजारच्या खोलीत झोपलाय." म्हटलं, आत्ता उठव त्याला. "बघतो," म्हणाला. आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला.

तो परत आला नाही. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. अ‍ॅपवर धोक्याची सूचना देणारं बटण दाबलं, तर इंग्रजीत ठरावीक उत्तर आलं. नाव लपवता आलं म्हणूनच तो बोलला, आणि नाव लपलेलं होतं म्हणूनच मला त्याच्यापर्यंत जाता आलं नाही. या गोष्टीवर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून अशी अ‍ॅप वापरणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, समोरचा डॉक्टर नाही. तो ऐकेल, औषध नाही देणार. दोन, 'गुप्त' म्हटलं म्हणजे गुप्तच असेल असं नाही. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या 'बेटरहेल्प'ने लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या सरकारी आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीने ७८ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. तेव्हा खरं नाव, गाव, फोटो टाकू नका. तीन, जिवावर बेतलं असेल तर अ‍ॅपवर थांबू नका. सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर कॉलेजच्या, एसटी स्टँडच्या, बाजार समितीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात का नाही, हे आपण नगरसेवकांना विचारायला हवं. मत मागायला आले की विचारूया.

आता मित्राचं उत्तर. घरात माणसं असतात रे. त्या मुलाच्याही घरात होतं, एका भिंतीपलीकडे झोपलेलं. पण त्याला उठवण्यापेक्षा हजार मैलांवरच्या परक्याला लिहिणं त्याला सोपं वाटलं. ते का वाटलं, हा प्रश्न अ‍ॅपला विचारून उपयोग नाही.

आज रात्री झोपायच्या आधी शेजारच्या खोलीत एकदा डोकावून या.