घरातली पार्टी आणि वहीतला हिशेब

चार ओळखीच्या बायका घरी बोलवायच्या, चहा-पोहे द्यायचे, त्यांच्यापुढे माल मांडायचा आणि विक्रीतून दोन पैसे मिळवायचे, असा एक धंदा आपल्या वस्त्यांतून अनेक वर्षे चालू आहे. कधी प्लास्टिकचे डबे, कधी क्रीम-पावडर, कधी ताकदीची भुकटी. माल बदलतो, पद्धत तीच राहते. दुकान नको, पागडी नको, शिक्षणाची अट नाही, मुले घरात असली तरी चालते. नवऱ्याचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर असलेल्या घरात हे आमिष लहान नाही. म्हणून या भगिनींना हसणाऱ्यांपैकी मी नाही. स्वतःच्या कमाईचे शंभर रुपये हातात आले की बाईचा आवाज घरात बदलतो, हे मी जवळून पाहिले आहे.

या पद्धतीचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेत अर्ल टपर या गृहस्थाने 1946 साली घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते फारसे खपेनात, कारण झाकण कसे लावायचे हेच गिऱ्हाइकाला कळेना. ब्राउनी वाइज नावाची एक घटस्फोटित बाई, एका मुलाची आई, हेच डबे घरोघरी पार्ट्या भरवून धडाक्याने विकत होती. टपरने 1951 साली तिला विक्रीची प्रमुख केले, डबे दुकानांतून काढून घेतले आणि फक्त घरच्या पार्टीतून विकायचे ठरवले. 1954 साली ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. 1958 साली तिला कामावरून काढण्यात आले. तिला साधारण वर्षभराचा पगार मिळाला, कंपनीत हिस्सा एका पैशाचाही नव्हता. त्याच साली टपरने कंपनी 1 कोटी 60 लाख डॉलरला विकली. हे डबे 1996 मध्ये भारतात आले आणि घरच्या पार्टीची रीत आपल्याकडच्या बायकांनाही ठाऊक झाली. पुढे 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्या मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

जिने ही पद्धत उभी केली तिच्या पदरी काय पडले, हे ध्यानात ठेवून आपल्या घरातला हिशेब पाहिला पाहिजे.

माझी धाकटी बहीण आमच्याच वस्तीत राहते. मेहुणे ठेक्यावर सफाईचे काम करतात, पगार कधी सात तारखेला होतो, कधी वीस. भाचीला नर्सिंगला घालायचे म्हणून बहिणीने डब्यांच्या पार्ट्या सुरू केल्या. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग उभा करून चटई अंथरायची. पहिल्याच पार्टीला अकरा बायका आल्या, 4,200 रुपयांचा माल गेला. शेकडा 20 प्रमाणे तिचे 840 रुपये झाले. ती आनंदात माझ्याकडे आली. मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. आनंद झाला तरी वही उघडल्याशिवाय मला राहवत नाही.

दूध, साखर, पोहे, वेफर्स यांचे 310 रुपये. माल आणायला रिक्षाचे 120. भाग घेणाऱ्यांना द्यायच्या बक्षिसाचे 130. उरले 280. आदल्या दिवशीची निमंत्रणे, स्वयंपाक, पार्टी, नंतर घरोघर माल पोहोचवणे आणि पैसे मागायला खेटे घालणे, असे 14 तास. म्हणजे तासाला 20 रुपये. शिवाय दोघींकडे 650 रुपयांची उधारी होती, ती वेगळीच.

बहीण म्हणाली, “दादा, वीस तर वीस. घरी बसून कोण देतं?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी एवढेच म्हणालो, “वही बंद करू नकोस.”

पाचव्या-सहाव्या पार्टीनंतर वहीत न मांडता येणारा एक खर्च दिसू लागला. बायका बोलावणे आले की कामे सांगू लागल्या. घरी आलेल्या माणसाने चहा घेतला की त्याला रिकाम्या हाताने उठताना संकोच वाटतो. या धंद्याचे सारे भांडवल हा संकोचच आहे. अडीअडचणीला धावून येणारी शेजारीण गिऱ्हाईक झाली की एक दिवस ती दार लोटून घेते.

याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या बाई आल्या. त्यांच्याकडे डबे नव्हते, स्वप्ने होती. 15,000 रुपयांचा माल आधी घ्यायचा, आपल्याखाली तिघींना जोडायचे, त्या तिघींनी आणखी तिघींना. बहिणीने आमच्या बचत गटाकडे 15,000 चे कर्ज मागितले. गटाची वही मी तपासतो, पण पैसा पंधरा बायकांचा. कोणी भांडी घासून, कोणी भाजी विकून दरमहा भरलेला. बहिणीसाठी रदबदली करणे सोपे होते. मी त्या बाईंना गटाच्या बैठकीलाच यायची विनंती केली.

तिथे भाजी विकणाऱ्या मावशींनी तीन प्रश्न विचारले. “माल खपला नाही तर परत घेणार का? पैसे माल विकल्याचे मिळतात की माणूस आणल्याचे? आणि सगळ्याच विकायला बसल्या तर घेणार कोण?” बाई मोठ्या हॉटेलातल्या सभेबद्दल, परदेशच्या सहलीबद्दल बोलत राहिल्या. तिन्ही प्रश्न तसेच राहिले. गटाने कर्ज नाकारले. बहीण पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

वाचकांनी कायदा माहीत करून घ्यावा. माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसाठी डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने नियम केले, त्यांतही अशा साखळीला मनाई आहे. विक्रेत्याशी लेखी करार हवा आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता त्यातून बाहेर पडता आले पाहिजे. “आणखी गिऱ्हाईक आणा, तुमचे पैसे वसूल होतील” असे सांगून माल गळ्यात मारणेही नियमाबाहेरचे आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

बहिणीने पार्टी सोडलेली नाही. आता दोन महिन्यांतून एकदा करते, आधी मागणी घेते, मग माल आणते, उधारी ठेवत नाही. मध्ये तिच्या हातचा मसालाही ती मांडू लागली. त्यात मिळणाऱ्या पैशाला वर कोणी वाटेकरी नाही. भाचीच्या फीसाठी गटाने वेगळे कर्ज दिले, त्याचा हप्ता ती स्वतः भरते.

भगिनींनो, घरात पार्टी जरूर करा. मात्र आपली खोली, आपला चहा, आपले तास आणि आपली शेजारीण हेही भांडवलच आहे. ते वहीत पहिल्या ओळीत लिहा, आणि मगच नफ्याचा आकडा मांडा.